डांबर टाळत सोयगावला

सराटा ज्यानं एकदा तरी पायात मोडून घेतलेला नाही, त्यानं आमच्याकडे सायकल घेऊन कच्च्यात शिरू नये. शेताच्या कडेला जमिनीलगत पसरणारं, बारीक पिवळ्या फुलांचं हे झाड. फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतोच. सोबतीला बाभूळ आहेच. लहानपणी हे सगळं तळपायाला पाठ होतं. शहरात राहून विसरले होते, दिवाळीनंतरच्या पाच दिवसांत टायरनं पुन्हा शिकवलं.

बेत साधा होता. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, खुलताबाद-म्हैसमाळचा डोंगर चढायचा, मग कन्नड, गौताळ्याचं जंगल, अंतूरचा किल्ला आणि शेवटी हळद्याचा घाट उतरून सोयगाव. म्हणजे मराठवाड्याची उत्तरेकडची कड. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून चालायचं आणि एका ठिकाणी खाली टपकायचं. महामार्गानं हे अंतर कुणीही एका दिवसात कापेल. आम्हाला डांबर जमेल तितकं टाळायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मी बँकेत आहे आणि चव्वेचाळिशीत सायकलीला लागले. दोघांच्याही ग्रॅव्हल बाईक. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद आणि नक्षीचे. माझे 42 मिलिमीटरचे, त्याचे 45. आत ट्यूब नाही, पांढरं सीलंट असतं. काटा घुसला की ते बाहेर येतं आणि भोकातच सुकून बसतं. मोठ्या डोंगरी सायकलीपेक्षा ही हलकी, त्यामुळे मधलं डांबरही अंगावर येत नाही. मुरूम, खडी, पाणंद, कॅनॉलची कड हे तिचं खरं मैदान. आणि मुरूम, खडी, पाणंद हे तर आमच्या भागात फुकटात मिळतं.

भाच्यानं उपग्रहाच्या फोटोंवर बोट फिरवून पाच दिवसांची जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसला वाचता येणारी वाटेची आखणी, बनवली होती. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर जांभळी रेघ. त्या रेघेबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे.

सोमवार

सकाळी सहाला छावणीतून बाहेर पडलो. मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद. इथपर्यंत डांबरच, आणि ट्रकसुद्धा. दौलताबादला किल्ल्याच्या समोर सीताफळाच्या पाट्या लागलेल्या होत्या. हंगामाचा शेवट, फळं लहान पण गोड. एका मावशींनी चार फोडून हातावर ठेवली आणि पैसे परतीच्या वाटेवर द्या म्हणाल्या. आम्ही या वाटेनं परतणार नाही हे सांगून पैसे दिले, तर त्यांनी आणखी दोन दिली. पहिल्या पंधरा किलोमीटरमध्येच वजन वाढलं.

किल्ल्याकडे मी आता इतिहासाच्या नजरेनं कमी बघते. दिल्लीहून 1327 मध्ये राजधानी इथं आणणाऱ्या तुघलकाच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. मला आठवतात ते एकनाथ. पैठणहून पोरवयात निघाले आणि इथल्या किल्लेदाराकडे, जनार्दनस्वामींकडे येऊन राहिले. किल्लेदार आणि गुरू एकच माणूस. पुढे ज्या शूलीभंजनच्या डोंगरावर नाथांनी तप केलं म्हणतात, तो खुलताबादच्या कुशीतच आहे. पैठण ते देवगिरी हे अंतर त्यांनी कुठल्या वाटेनं कापलं असेल, हा विचार घाट चढताना मनात होता. निदान डांबर तरी नव्हतं.

घाटातल्या जुन्या दरवाजातून बस एकेक करून जातात, सायकल मात्र मिजाशीत जाते. वर कागजीपुरा. हातकागदाचं गाव. लगद्याची टाकी, तिच्यात बुडवून अलगद वर उचललेली चाळणी, तिच्यावर थरथरणारा ओला पापुद्रा. उभ्या उभ्या दोन मिनिटं बघितलं. भाच्यानं कागद घेतला आणि तो वाकू नये म्हणून पाच दिवस पाठीवरच्या पिशवीत पाठीशी चिकटवून वागवला. घामानं त्याची काय गत झाली ते विचारू नका.

खुलताबादला शनिवारी भद्रा मारुतीमुळे पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी आम्ही आणि चहावाला. पुढे म्हैसमाळ बारा किलोमीटर. शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हैसमाळ नऊशेच्या वर. चढ एकदम अंगावर येत नाही, पण सोडतही नाही. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये मी सर्वात हलक्या गिअरवर होते आणि एक म्हातारबाबा डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्याच वेगानं शेजारून चालत होते. बराच वेळ दोघंही गप्प. मग म्हणाले, "बाई, उतरून चाला की. मला बोलायला बरं पडंल." उतरले. त्यांचं म्हणणं असं की यंदा गवत चांगलं आहे पण कापायला माणूस नाही.

माथ्यावर गवत पिवळं पडलेलं, कारवीची कोरडी काटकं, टीव्हीचा मनोरा, गिरिजामातेचं देऊळ. गिरिजा नदी इथूनच निघते. संध्याकाळी कड्यावर बसलो तेव्हा खालच्या शिवारात मळणीयंत्रांची घरघर चालू होती. आवाज इतक्या उंचीवर येतो हे मला माहीत नव्हतं. रात्री थंडीनं दात वाजले. लॉजवर गोधड्या मागितल्या, मिळाल्या त्या ओलसर. पुढं बोलायला नको.

मंगळवार

हा दिवस लवकर संपवते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे थांबायचा मोह टळला. रस्त्यावरून डोंगराची कड दिसते तेवढी बघितली. कैलास ज्या काळ्या दगडात वरून खाली कोरत नेला, तोच दगड सडून, फुटून आपल्या टायरखालचा मुरूम होतो. मला हे दर वेळी नवं वाटतं.

टापरगाव-हतनूरचा महामार्ग टाळायला भाच्याची जांभळी रेघ डावीकडे पाणंदीत शिरली. पहिले पाच किलोमीटर स्वर्ग. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताची पट्टी. मग रेघेवर अद्रकीचं शेत आलं. पडद्यावर रस्ता, डोळ्यांसमोर गादीवाफे. अद्रकीला पाणी चालू होतं आणि पाटाचं पाणी बांध फोडून पाणंदीत आलेलं. काळी माती.

काळ्या मातीचा चिखल ज्यानं सायकलीला लावून घेतला नाही त्याला समजावणं अवघड आहे. तो उडत नाही, चिकटतो. टायर फिरेल तसा थरावर थर चढतो, त्यात काडीकचरा मिसळतो, आणि वीस पावलांत मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट बसतं. सायकल ढकलताही येत नाही. उचलायला गेलं तर दुप्पट जड. माझ्या बुटांना खालून एकेक पाटा बांधल्यासारखं झालं होतं. भाचा चमच्यानं चिखल काढायला लागला. खरंच, जेवणाच्या चमच्यानं.

शेतातून एक दादा आले. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. खुरपं घेऊन बसले आणि वांगं सोलावं तसं चाक सोलून काढलं. "ओलं असताना काढू नका," म्हणाले. "उन्हात अर्धा घंटा ठेवा, आपोआप ढेपळं पडतील." तसंच झालं. तेवढ्या वेळात त्यांच्याकडे चहा झाला, अद्रकीचाच, घसा जाळणारा. रस्ता कुठं गेला विचारलं तर म्हणाले, रस्ता होता, पण दोन भावांची वाटणी झाली तेव्हा तो वाटणीत गेला.

कन्नडला पोचेपर्यंत दिवे लागले होते.

बुधवार

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. साधारण 260 चौरस किलोमीटर, थोडं आपल्या जिल्ह्यात, थोडं जळगावात. कन्नडहून नागदकडे जाणारा रस्ता त्यातून जातो. चौकीवर नोंद केली, पावती फाडली. वनरक्षकानं सायकलींकडे बघून दोनच गोष्टी सांगितल्या: मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटेला लागायचं नाही आणि ऊन उतरायच्या आत परत यायचं. भाच्याच्या रेघेत आतली एक सुंदर वाट होती. ती तिथंच पुसली. इथं मी त्याला जरा ओरडलेही. अभयारण्यातली वाट म्हणजे पाणंद नव्हे. ती कुणाच्या तरी येण्याजाण्याची आहे आणि तो 'कुणीतरी' आपण नाही.

रस्ता नावाला पक्का. खड्ड्यांत मुरूम भरलेला, कडेनं खडी. आमच्यासाठी उत्तम. साग, सालई, धावडा, पळस, मधेच बेल. सागाची पानं पिवळी होऊन चाळणीसारखी झालेली, आणि ती टायरखाली गेली की पापड मोडल्यासारखा आवाज. सकाळी आठला अजूनही दव होतं. एका वळणावर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रस्त्यातच उभा. आम्ही ब्रेक दाबला, त्यांनी मान वळवली, आणि कुठलीही घाई न करता उतारावर उतरून गेले. सायकलीचा आवाज नसतो म्हणून हे दिसतं. मोटारसायकलवर याच रस्त्यानं दोनदा गेले आहे, माकडांशिवाय काही दिसलं नव्हतं.

बिबट्या आहे इथं, सगळ्यांना माहीत आहे. वाघ मात्र नव्हता. आणि 2021 साली यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक वाघ चालत चालत इथपर्यंत आला, कॅमेऱ्यात सापडला. शेकडो किलोमीटर. मधे किती शेतं, किती रस्ते, किती गावं. मला त्या वाघाची जीपीएक्स फाइल बघायला आवडेल. नाले, बांध, काटेरी पडकं रान. तोही डांबर टाळतच आला असणार.

गौताळा तलावावर थांबलो. पाणी शांत, काठाशी पाणकोंबड्या. गौतम ऋषींचा आश्रम इथं होता म्हणतात, सीतेची न्हाणीही इथंच दाखवतात. आमच्या डोंगरांत सीतेनं नेमकं किती ठिकाणी अंघोळ केली याचा हिशेब कुणीतरी करायला हवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. माकडांनी धपाटे पळवले, चटणी ठेवली. एकानं चटणी चाखून पाहिली होती, त्यानंतर बाकीचे त्या पुडीकडे फिरकले नाहीत.

पुढे नागदकडे घाट उतरतो. कडेला उभं राहिलं की खाली खानदेश. सपाट, निळसर, धुरकट. उतरायचा फार मोह झाला. पण उतरलेलं पुन्हा चढावं लागतं आणि ऊनही उतरायला लागलं होतं. परत फिरलो.

मुक्कामाला पिशोर. तिथं माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं सासर. तीस एक किलोमीटरच्या त्या पट्ट्यात डांबरी रस्त्यावर मैलोन्‌मैल मका वाळत घातलेला. अर्धा रस्ता गाड्यांना, अर्धा मक्याला. पिवळ्याधमक दाण्यांचा पट्टा, त्याच्या कडेला दगड लावून हद्द आखलेली. बायका पाय ओढत ओढत त्यातून चालतात, म्हणजे दाणा उलटतो आणि पायाच्या रेघांची नक्षी उमटते. सायकल हद्दीत गेली की दाणे चाकातून टणाटण उडतात आणि मग ऐकून घ्यावं लागतं. आम्ही ऐकून घेतलं.

मैत्रिणीच्या सासूबाईंनी येसर आमटी केली होती. ताटात भाकरी कुस्करून, वर आमटी ओतून, मधे कच्च्या तेलाची धार. भाचा शहरातला, आधी बुजला, नंतर तीनदा वाढून घेतली. आजींचा प्रश्न एकच होता, मला उद्देशून: "कामून एवढा तरास घेऊन ऱ्हायली गं? मोटारसायकल नाही का घरी?" आहे म्हटलं. मग त्यांना जास्तच वाईट वाटलं.

गुरुवार

हा दिवस मोठा, आणि यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

पिशोरहून नागापूरकडे निघताना भाच्यानं रेघ लावली, आणि गावाबाहेर दुसऱ्याच तिठ्यावर ती एका विहिरीत शिरली. मी आजींनी सकाळी सांगितलेलं आठवलं. आजींचा नकाशा असा होता: "म्हसोबाचा लिंब लागंल. तिथून उजवीकडं. मग पाण्याची टाकी लागंल, तिच्याकडं बघायचं नाही. मग पुन्यांदा कुणालातरी इचारायचं." भाच्यानं पडदा दाखवला होता तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "पोरा, तुह्या मोबाइलात म्हसोबा हाये का?" नव्हता.

म्हसोबाचा लिंब लागला. उजवीकडे वळलो. पाण्याच्या टाकीकडे बघितलं नाही. त्यानंतर जी वाट लागली तिच्यासाठी मी पुन्हा जाईन: दोन टेकड्यांच्या मधून जाणारा तांबूस मुरमाचा रस्ता, बसलेला, घट्ट, ना धूळ ना चिखल. एका अंगाला तुरीची पिवळी फुलं, दुसऱ्या अंगाला डोंगराची उघडी कड आणि तिच्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखी लाल पट्टी. लाव्ह्याचा एक थर येऊन थंडावला, त्याच्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा थर येऊन ती भाजून निघाली. ती भाजलेली जमीन म्हणजे ही पट्टी. तासाभरात आम्ही तशा तीन ओलांडल्या.

वाट विचारत गेलो. "जवळच हाये" याचा अर्थ पाच किलोमीटर. "हे काय, दिसून ऱ्हायलं" याचा अर्थ आठ, आणि मधे दरी. "लई लांब हाये बाप्पा" म्हणणारा माणूस बहुधा स्वतः कधी गेलेला नसतो, तेव्हा ते अंतर मोजू नये.

नागापूर सोडलं की अंतूरचा कच्चा रस्ता जंगलात शिरतो. दगड मोठे, टोकदार. हवा कमी करून घेतली, 35 पीएसआयवरून 28 वर. इथंच माझं मागचं टायर गेलं. काटा नव्हे, दगडाची धार. बाजूला बोटभर चीर पडली आणि सीलंट पिचकारीसारखं उडून भाच्याच्या चष्म्यावर. प्लग, म्हणजे भोकात कोंबायची रबरी पट्टी, घातला, बसेना. दुसरा घातला, दोन्ही बाहेर. ट्यूब होती, पण चिरेतून ती फुगून बाहेर येणार. आतून आधार हवा. अशा वेळी दहाची नोट लावतात असं वाचलेलं. आमच्याकडे पाचशेच्याच होत्या, आणि भाच्यानं हातकागद पुढे केला तो मी नाकारला.

गुरं घेऊन एक मुलगा आला, चौदा-पंधरा वर्षांचा. थोडा वेळ बघितलं आणि काही न बोलता गेला. परत आला तो हातात खताच्या पोत्याचा तुकडा घेऊन. झोपडीच्या दाराला लावलेल्या पोत्यातून फाडून आणलेला. विणलेलं प्लास्टिक, फाटत नाही, ताणत नाही. चार घड्या करून टायरच्या आत चिरेवर बसवला, ट्यूब घातली, हवा भरली. बसला तर बसला. पैसे घेईना. भाच्यानं त्याला सायकल चालवायला दिली, तर तो गिअर न बदलता त्या दगडांवरून अशी घेऊन गेला की आम्ही दोघं खाली मान घालून उभे.

आणि मग तो दगड. अंतूरच्या वाटेवर निजामशाहीच्या काळचा एक चौकोनी घडीव दगड उभा आहे. त्याच्या बाजूंवर फारसी अक्षरं कोरलेली आहेत, आणि प्रत्येक बाजू सांगते, इकडून गेलात तर कुठलं गाव लागेल. नागापूर, अंतूर, चाळीसगाव. म्हणजे या रानात तेव्हा चौक होता. घोडी, बैल, तांडे, लष्कर येऊन इथं थांबत होतं, दगडाला वळसा घालून वाचत होतं आणि आपापल्या दिशेला लागत होतं. ज्याला वाचता येत नसेल तो विचारत असणार. मी बोटानं अक्षरं चाचपून पाहिली. कडा अजून धारदार आहेत, फक्त एका बाजूला शेवाळं सुकून पांढरं झालंय. दगडाच्या पायाशी शेळीच्या लेंड्या आणि गुटख्याची पुडी.

भाचा बराच वेळ हँडलवरचा पडदा आणि दगड यांच्याकडे आलटून पालटून बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, याची बॅटरी कधीच संपली नाही." मी म्हटलं, वाक्य चांगलं आहे, पण पाणी किती उरलंय ते बघ.

अंतूर किल्ला डोंगराच्या टोकाला आहे आणि पठारापासून तोडण्यासाठी मधे कातळात खंदक खोदलाय. सायकली अलीकडे झाडाला बांधल्या. एकामागून एक दरवाजे, वर तलाव, पडक्या भिंतींत शिरलेली वडाची मुळं. कड्यावरून खाली खानदेशची सपाटी. काल जी घाटाच्या तोंडातून बघितली तीच, आज वेगळ्या बाजूनं. वर दीड तास होतो, दुसरं माणूस नाही.

परतताना करंजखेडच्या बाजूनं निघून घाटनांद्र्याच्या दिशेला लागलो आणि अंधार गाठला. एका लहान गावात मारुतीच्या देवळापाशी विचारपूस केली. पाच मिनिटांत निकाल लागला: मुलगा सभामंडपात झोपेल, बाई पुजाऱ्याच्या घरी. त्यावर चर्चा नाही. पिठलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. कार्तिक चालू होता, त्यामुळे पहाटे साडेचारला काकडा. मी घरात गोधडीत ऐकला, भाच्यानं मृदंगाच्या शेजारी झोपून. सकाळी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण टाळ धरून उभा होता, हे पुजाऱ्यांनीच सांगितलं.

शुक्रवार

अंभई, उंडणगाव, हळदा. हा पट्टा मिरचीचा. अंगणात, ओट्यावर, देवळाच्या पायरीवर तोडलेल्या मिरच्यांचे ढीग आणि हवेत तो खाट. श्वास खोल घ्यायचा नाही.

हळद्यानंतर रस्ता एकदम संपल्यासारखा होतो आणि घाट सुरू होतो. वळणावर समोर वेताळवाडीचा किल्ला उभा, इतका जवळ की तटबंदीतले दगड मोजावेत. बुरुजावर शरभ कोरलेले आहेत. वर दोन कमानींची इमारत आहे, तिला हवामहल म्हणतात. नाव सार्थ आहे, घामेजलेली पाठ दोन मिनिटांत सुकते. तिथून खाली वेताळवाडीचं धरण, पलीकडे सोयगाव. याच डोंगरात थोडं बाजूला जंजाळ्याखाली घटोत्कच लेणं आहे, वाकाटकांच्या काळचं, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या शिलालेखाचं. ते पुढच्या खेपेला ठेवलं. पोत्याच्या तुकड्यावर मला तेवढा भरवसा नव्हता.

घाट उतरताना ब्रेकवर बोटं आखडली. वळणावळणाला खडी सांडलेली; कुणीतरी काम अर्ध्यावर सोडून गेलंय आणि खडी रस्त्याच्या मधोमध ढिगानं पडून आहे. पुढचं चाक एकदा सरकलं, मी काट्याच्या कुंपणावर हात टेकून वाचले. हाताला वीसेक ओरखडे, बाकी शाबूत.

खाली आलं की सगळं बदलतं. हवा उबदार, शेतात केळी, बोलण्यात अहिराणी. जिल्हा आपला, तालुका आपला, पण सोयगाव मनानं खानदेशात आहे. हॉटेलवाल्यानं "कोठून उनात?" विचारलं तेव्हा भाचा माझ्याकडे बघायला लागला. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागवली. तीन-तीन खाल्ल्या.

फर्दापूरपर्यंत टेकडीच्या पायथ्यानं जायचं होतं, पण मागच्या चाकात प्रत्येक फेऱ्याला गुबगुब असा धक्का लागायला लागला, घडी सरकली होती. तेव्हा मक्याची पोती घेऊन सिल्लोडला निघालेल्या टेम्पोत सायकली चढवल्या आणि आम्ही पोत्यांवर. अजिंठ्याचा घाट टेम्पोत बसून चढले, याची मला अजिबात लाज वाटली नाही.

घरी येऊन पकडीनं काटे काढले. मागच्या टायरमधून सात, पुढच्यातून अकरा. सासूबाईंनी ते कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून कागदात बांधले. कागद अर्थातच कागजीपुऱ्याचा, तेवढाच उरला होता कामाला. टायर अजून बदललेलं नाही. पोत्याचा तुकडा नीट बसवला, आतून त्यावरचं 10:26:26 अजून वाचता येतं. आणि भाच्यानं फाइल दुरुस्त करून पाठवली आहे. पिशोरच्या पुढच्या तिठ्यावर आता एक खूण आहे: म्हसोबाचा लिंब, उजवीकडे. त्याच्या खाली कंसात: टाकीकडे बघू नये.